गाळलेली ओळ

माझ्या नवऱ्याला, प्राक्सियासला, आमच्या घरी आणलं ते माझ्या वडिलांनीच. तो अखार्नाई गावच्या कोळसेवाल्यांचा मुलगा. गाढवावर पोती लादून सकाळी सकाळी अथेन्समध्ये यायचा आणि गल्लीबोळांतून आरोळ्या ठोकायचा. बाबा अंगणात पाय धूत बसले होते. ती आरोळी कानावर आली आणि ते ओल्या पायांनीच बाहेर धावले. मी दाराआडून बघत होते. पोराचं तोंड, मान, हात सगळं काळं, नुसते दात तेवढे पांढरे.

"किती पोती टाकू, आजोबा?"

"कोळसा नको. तू परत ओरड."

"काय?"

"मघाशी ओरडलास तसा ओरड. आणि आजोबा कुणाला म्हणतोस रे गाढवा?"

पोरगा बिचकला, पण ओरडला. शेजारच्या छपरावरची कबुतरं उडाली. बाबांनी डोळे मिटून घेतले. मग आत वळून आईला म्हणाले, "अगं, पाणी तापव. या पोराला घासूनपुसून बघू या, आत कोण निघतंय ते."

बाबांचं नाव ओनेतोर. त्या काळी अथेन्समध्ये हे नाव माहीत नसलेला माणूस सापडला नसता. आमच्या नाटकात बोलणारे नट तीनच असतात. मुखवटे बदलून बदलून ते सगळी माणसं, बायकासुद्धा, उभी करतात. मोठं काम पहिल्या नटाचं. दुसरा त्याला उत्तरं देतो. तिसऱ्याच्या वाट्याला दूत, पहारेकरी आणि नाटकाच्या शेवटी उतरणारा एखादा देव. वसंतात दिओनिसोस देवाच्या उत्सवात नाटकांची स्पर्धा असते; ती संपली की दवंडीवाला विजेत्यांची नावं पुकारतो. त्यात कवीचं नाव असतं, पहिल्या नटाचं असतं. बाकीचे दोघं मुखवटे पुसून पेटीत भरतात आणि घरी जातात. रीतच तशी आहे.

बाबांना मुलगा नव्हता. त्यांनी प्राक्सियासला पोटच्या पोरासारखं शिकवलं. पहाटे उपाशीपोटी टेकडी चढत ओळी म्हणायच्या. पाठीवर उताणं पडून आवाज हळूहळू वर न्यायचा, तसाच हळूहळू खाली आणायचा. अंजीर खायचं नाही, थंड पाणी प्यायचं नाही, रागावून ओरडायचं नाही. प्राक्सियासने एकदाही कुरकुर केली नाही. बाबांनी एक तास सांगितलं तर तो दोन तास करायचा. मी सूत कातत ऐकायचे. सांगते ते खरं सांगते, त्याच्या आवाजावरच मी जीव टाकला. बाबांनी विचारलं, "निकारेती, या कोळशाशी लग्न करशील?" तेव्हा मी लाजलेसुद्धा नाही. तो आमच्याच घरात वाढलेला, म्हणून लग्नानंतरही मी त्याला अरेतुरेच करत राहिले.

बाबा पहिले, प्राक्सियास दुसरा आणि तिसरा बात्राखोस. बात्राखोस म्हणजे बेडूक. हे त्याचं नाव नव्हतं, पण खरं नाव त्याची बायकोसुद्धा विसरली असावी. आवाज खरखरीत, अंग गोल, पाच पोरांचा बाप. राजाचं सोनेरी वस्त्र घालून दोन ओळी बोलायची कामं बहुधा त्यालाच मिळत. तो म्हणायचा, "वहिनी, राजा तोच, ज्याला थोडक्यात भागवता येतं."

पहिली काही वर्षं बरी गेली. बाबा जिंकायचे, दवंडीवाला त्यांचं नाव पुकारायचा, वेलीचा मुकुट घालून ते घरी यायचे आणि आल्या आल्या तो प्राक्सियासच्या डोक्यावर ठेवायचे. सगळे हसायचे. प्राक्सियासही हसायचा. पण रात्री तो मुकुट मी खुंटीला अडकवला की त्याच्याकडे बघत पडून राहायचा.

"काय झालं रे?"

"काही नाही. त्या म्हाताऱ्या राणीच्या आक्रोशात त्यांचा श्वास दोनदा तुटला."

"मला नाही कळलं."

"तुला कसं कळेल? कुणालाच नाही कळलं. माझा नसता तुटला."

दुसऱ्या दिवशी तो बाबांच्या घशासाठी मध आणि ओव्याचा काढा स्वतः उकळून द्यायचा. प्रेम खोटं नव्हतं. त्याच्या पोटात प्रेम आणि हेवा दोन्ही एकत्र नांदत होती, आणि त्यातलं एक जरा जास्त खात होतं, एवढंच.

त्याला बाबांची सगळी कामं पाठ होती. बाबा बोलत असले की मुखवट्याआड याचे ओठ हलायचे. बात्राखोस चेष्टा करायचा, "अरे, तुझ्या ताटातलं खा की. दुसऱ्याच्या ताटात काय बोटं घालतोस?" प्राक्सियास म्हणायचा, "माझ्या ताटात आहे काय? उष्टं." बाबांनी हे ऐकलं होतं. त्यांनी त्याला जवळ बोलावलं. "पोरा, माझी आणखी दोन-तीन वर्षं. मग मीच उत्सवाच्या कारभाऱ्याला सांगतो, याला पहिला घे म्हणून. थांबशील ना?"

"थांबेन की, बाबा."

पण त्याच हिवाळ्यात मला म्हणाला, "दोन-तीन वर्षांपूर्वीही ते हेच म्हणाले होते." आणि ते खरंच होतं.

त्या वर्षी एका तरुण कवीचं नाटक आमच्या वाट्याला आलं. म्हातारा राजा राजवाड्याच्या दारात बसून लढाईची बातमी ऐकतो. बातमी घेऊन येतो त्याचा धाकटा भाऊ. राजा बाबा, भाऊ प्राक्सियास. नाटकाचा जीव त्या दोघांच्या सवालजवाबात होता. एक ओळ याची, एक त्याची, चेंडू फेकावा तशी. हिवाळाभर आमच्या अंगणात हेच चाललं होतं. कातता कातता मलाही पाठ झालं. राजा विचारतो, "आणि माझा मुलगा?" भाऊ म्हणतो, "तो नदीपाशी राहिला." राजा म्हणतो, "तहानलेला होता?" भाऊ म्हणतो, "पाणीच त्याला पिऊन गेलं." मग राजा उठतो आणि विचारतो, "मग ही ढाल कुणाची आणलीस?" तिथून त्याचा शोक सुरू होतो.

बाबांची स्मरणशक्ती मण्यांच्या माळेसारखी होती. एक मणी पुढे सरकला की दुसरा हातात यायचा. म्हाताऱ्या माणसाचं असंच असतं. प्राक्सियासला हे माझ्याइतकंच ठाऊक होतं.

उत्सवाच्या दिवशी मी वर, अगदी शेवटच्या रांगेत, बायकांमध्ये बसले होते. टेकडीचा सगळा उतार माणसांनी भरलेला. लोक चीज आणि कांदे खात होते, कवीला शिव्या घालत होते, शेजाऱ्याची उशी ओढत होते. बाबा दारात येऊन बसले आणि सगळं शांत झालं. त्यांचा आवाज वरपर्यंत असा यायचा की वाटायचं, आपल्याच कानाशी कुणीतरी बोलतंय.

सवालजवाब सुरू झाले. बाबांनी विचारलं, "आणि माझा मुलगा?"

प्राक्सियास म्हणाला, "पाणीच त्याला पिऊन गेलं."

त्याने स्वतःची एक ओळ गाळली होती. ऐकणाऱ्यांना काहीच कळलं नाही. उलट माझ्या शेजारच्या बाईच्या तोंडून हुंदका निघाला. पण बाबांच्या हातातली माळ तुटली. ते तहानेचं विचारणार होते आणि उत्तर आधीच येऊन बसलं होतं. मुखवटा याच्याकडे वळला, मग लोकांकडे, मग परत याच्याकडे. मुखवट्याचं तोंड उघडंच असतं, म्हणून ते जास्तच वाईट दिसत होतं. कुणी वाट पाहिली, कुणी खाकरलं. मग खालच्या रांगांतून शीळ आली. मग टाचा आपटायला लागल्या. अथेन्सची माणसं एखाद्यावर उठली की बाकांवर टाचा आपटतात. कुणीतरी अंजीर फेकलं, ते बाबांच्या छातीवर फुटलं.

प्राक्सियासने हे सगळं होऊ दिलं. पुरेसं झाल्यावर तो पुढे आला, बाबांच्या पायाशी गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, "राजाची वाचा गेली आहे. त्याचं दुःख माझ्या तोंडून ऐका." आणि त्याने बाबांचा शोक म्हणायला सुरुवात केली. सगळा, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत. श्वास कुठेही तुटला नाही. टाचा थांबल्या. शेवटी लोक उभे राहून ओरडत होते, आणि बाबा आपल्याच शोकासमोर मुक्याने बसून होते.

मी घरी आले तेव्हा प्राक्सियास अंगणात तोंड धूत होता.

"तू ओळ गाळलीस."

"ते चुकले. मी सावरलं. सगळ्या गावाने पाहिलं."

"मला पाठ आहे ते. तू 'तो नदीपाशी राहिला' म्हणालाच नाहीस."

तो बराच वेळ तोंड पुसत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "एक ओळ गं. एकच ओळ. खरा नट असता तर त्याने ती पकडली असती."

"तुझ्याकडून? तुझ्याकडून पडेल असं त्यांच्या स्वप्नात तरी आलं असतं का?"

"मी किती थांबायचं? त्यांचा आवाज फुटेपर्यंत? की माझा?" त्याचे डोळे भरून आले होते. "तू बघशील, निकारेती. मी त्यांचं नाव मोठं करीन."

मी बाबांकडे गेले. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. आई नव्हती तेव्हा, वर्षभरापूर्वीच गेली होती. मी त्यांना सगळं सांगितलं. ते उठून बसले आणि इतक्या शांतपणे बोलले की मलाच गुन्हेगार असल्यासारखं वाटलं.

"नवऱ्यावर असला आळ घेऊ नये, बाई."

"बाबा, मी माझ्या कानांनी ऐकलं."

"तू वर बसली होतीस. वरून काय ऐकू येतं? मी त्याच्यासमोर होतो. त्याने ओळ म्हटली. माझंच डोकं फिरलं." मग माझा हात धरून म्हणाले, "हे परत कुणापुढे बोलू नकोस. मला वचन दे."

त्यांना खरंच तसं वाटत होतं, की माझा संसार मोडू नये म्हणून ते बोलत होते, हे मला तेव्हाही कळलं नाही, आजही कळत नाही. थोड्याच दिवसांत ते काठी घेऊन उत्सवाच्या कारभाऱ्याकडे गेले आणि सांगून आले, "माझा जावई आता पहिला नट व्हायच्या लायकीचा झालाय. माझं वय झालं."

त्यानंतर बाबांनी एक ओळही म्हटली नाही. पण एक नवीन खोड लागली. चूल विझवली का म्हणून ते परत परत बघायचे. शेजाऱ्याला विचारायचे, "मी काल तुमच्याकडे आलो होतो ना? काय बोललो?" स्वतःवरचा भरवसा गेला की माणूस खरोखरच विसरायला लागतो. पुढच्या उत्सवात प्राक्सियासचं नाव पुकारलं गेलं. त्याने वेलीचा मुकुट आणून बाबांच्या मांडीवर ठेवला. बाबांनी तो उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "कुणाचं लग्न आहे?" दोन हिवाळे काढून ते गेले. त्यांच्या अंत्ययात्रेत प्राक्सियास असा रडला की रस्त्यावरचे लोक थांबले. ते रडणंही खोटं नव्हतं. मी म्हटलं ना, त्याच्या पोटात दोन्ही होती.

आता हवं ते मिळालं, आता हा निवांत होईल असं मला वाटलं होतं. पण मुकुट खुंटीवर लागला की त्याचं चित्त शेजारच्या रिकाम्या खुंटीकडे जायचं. एका वर्षी दुसऱ्या कुणाला बक्षीस मिळालं तर तो उन्हाळाभर जेवला नाही म्हटलं तरी चालेल. त्याहून वाईट म्हणजे त्याला आपल्या शेजारी उभा असलेला दुसरा नट सहन होईना. दुसरा नट म्हणजे काय, हे त्याच्याहून चांगलं कुणाला माहीत होतं? कुणी चांगलं बोललं की हा म्हणायचा, "हा माझी जागा बघतोय." कुणी वाईट बोललं की, "हा मला मुद्दाम पाडतोय." दर वर्षी नवा माणूस. कवींकडे जाऊन दुसऱ्याच्या ओळी कापायला लावायचा. कवी बिचारे, कुणाला कोणता नट याची चिठ्ठी निघायच्या वेळी देवाला नवस करायचे, की प्राक्सियास आपल्या वाट्याला न येवो. आला तर नाटक जिंकायचं खरं, पण त्यात कवीचं फारसं काही उरायचं नाही.

बात्राखोस तेवढा टिकला. त्याच्यापासून कुणाला कसली भीती वाटणार?

एकदा मी बाजारात त्याला गाठलं. खारवलेल्या माशांच्या दुकानापुढे उभा होता. मी विचारलं, "भाऊजी, त्या दिवशी तुम्ही दाराआड होतात. तुम्ही ऐकलंत ना?"

त्याने मासा हुंगला, खाली ठेवला. "वहिनी, माझ्या घरी पाच तोंडं आहेत. माझे कान मी त्यांच्यासाठी गहाण टाकलेत." थोडं चालून गेल्यावर परत आला. "ऐकलं. त्यानेही मला विचारलं होतं, ऐकलंस का म्हणून. मी म्हटलं, बेडकाला पाण्याबाहेरचं काय कळतंय? तेव्हापासून मला ठेवलाय. पण मला वाटतं, त्याला माझ्यावरही भरवसा नाही."

"मग त्याचा भरवसा कुणावर आहे?"

"ते तुम्हीच सांगा. घरी तुम्ही असता."

मी काय सांगणार? घरी तो माझ्याकडेही कान टवकारूनच बघायचा. मी सूत कातताना सवयीने एखादी ओळ पुटपुटले, तर म्हणायचा, "कुणाला शिकवतेस?" आम्हाला मूलबाळ झालं नाही. एका वैदूने सांगितलं, दत्तक घ्या. हा म्हणाला, "घरात आणखी एक वाट बघणारा कशाला?"

मग थाल्लोस आला. विशीतला मुलगा. वडील लढाईत गेलेले, काकांनी वाढवलेला, स्वभावाने गरीब. आवाज गोड पण लहान. त्याच्यापासून धोका नाही असं बघूनच प्राक्सियासने त्याला निवडला होता. पोरगं त्याला देवासारखं मानायचं. पहिल्याच दिवशी माझ्या पाया पडलं आणि म्हणालं, "काकू, मी लहान असताना यांचा तो शोक ऐकला होता. त्या म्हाताऱ्या राजाची वाचा गेली होती ना, तेव्हाचा. तेव्हाच ठरवलं, आपण नट व्हायचं." प्राक्सियास तिथंच उभा होता. त्याचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, याला हाकलून देईल. पण दिलं नाही. उलट त्या दिवसापासून त्याला काही सुचेना. पोराने ते साधेपणाने म्हटलं, की टोमणा मारला? कुणाकडून काही ऐकून आला असेल का? काका कोण, कुठले, कारभाऱ्याला ओळखतात का? झोपेतून उठून बसायचा. "तो ओळ गाळणार आहे," असं एकदा मला म्हणाला.

"कोण?"

"थाल्लोस. मला दिसतंय. ऐन सवालजवाबात गाळील."

"अरे, तो पोरगा तुझी चप्पलसुद्धा पुसून ठेवतो."

"मीही ठेवत होतो," तो म्हणाला.

एवढंच काय ते त्याने कधी कबूल केलं असेल.

त्या वर्षीच्या नाटकात तो राजा होता, थाल्लोस राणी आणि बात्राखोस मागे भाला धरून उभा राहणारा पहारेकरी. मी नेहमीच्या जागी, वर. ऊन चांगलंच चढलं होतं. राजाराणीचे सवालजवाब सुरू झाले. थाल्लोसने राणीची ओळ म्हटली. बरोबर म्हटली, मला नंतर बात्राखोसने शपथेवर सांगितलं. पण प्राक्सियास ती ओळ ऐकतच नव्हता. ती कुठे खोटी आहे, हे तो शोधत होता. आणि ते शोधता शोधता त्याची स्वतःची ओळ निसटली.

सगळं शांत झालं. माझ्या हातातली ऑलिव्हची बी खाली पडली. मी आधी ऐकलेली शांतता होती ती. खाली कुणीतरी खाकरलं. टाचा अजून सुरू व्हायच्या होत्या.

थाल्लोस एक पाऊल पुढे आला, राणीने राजाच्या खांद्यावर डोकं ठेवावं तसा वाकला. लोकांना तो नाटकाचाच भाग वाटला. मुखवट्याच्या आतून हळूच त्याने प्राक्सियासला त्याच्या ओळीचा पहिला शब्द सांगितला. बात्राखोस मागेच होता, त्याने ऐकला. "वहिनी, शब्द बरोबर होता," तो म्हणाला. "देवाशप्पथ बरोबर होता. नुसता उचलायचा होता."

प्राक्सियासला काय ऐकू आलं, कोण जाणे. त्याने हातातला राजदंड दोन्ही हातांनी उगारला आणि राणीच्या तोंडावर घातला. मुखवटा फुटला. तो परत मारणार तोच बात्राखोसने भाला टाकून त्याला मागून मिठी मारली. राजाचा मुखवटाही गळून पडला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या सगळ्या माणसांनी काम करताना माझ्या नवऱ्याचं उघडं तोंड पाहिलं. तो ओरडत होता, "मला माहीत होतं! मला माहीत होतं!" आवाज शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ येत होता.

टाचा कुणीच आपटल्या नाहीत. पहिल्या रांगेतला देवाचा पुजारी उठून उभा राहिला आणि त्याने वस्त्राने डोकं झाकलं. देवाच्या उत्सवात माणसावर हात उचलणं म्हणजे देवावरच हात उचलणं. रस्त्यात मारलं असतं तर भांडण झालं असतं, मिटलं असतं. हे मिटणारं नव्हतं.

उत्सव संपल्यावर लोकांची सभा त्याच जागी भरली. बायकांना तिथं जाता येत नाही. बात्राखोसने येऊन सांगितलं. थाल्लोसचा जबडा दोन ठिकाणी मोडला होता, फडक्याने बांधलेला होता, म्हणून त्याचे काका बोलले. प्राक्सियासला बोलायची परवानगी मिळाली, तेव्हा त्याने काय करावं? त्याने भाषण सुरू केलं. चांगलं, लयदार, हात उंचावून. लोकांना वाटलं, हा अजून नाटकच करतोय. जितका चांगला बोलला तितके लोक चिडले. शिक्षेच्या बाजूने हात वर झाले. पुन्हा मुखवटा घालायचा नाही, उत्सवात पाऊल ठेवायचं नाही.

"माफी मागितली असती तर?" मी विचारलं.

"तर कदाचित वाचला असता," बात्राखोस म्हणाला. "पण वहिनी, माफी मागायला आधी खाली बसावं लागतं. तो शेवटपर्यंत मधोमध उभा होता."

आम्ही शहर सोडलं आणि बाबांच्या गावाकडच्या घरी येऊन राहिलो. थोडे ऑलिव्ह, थोडे जव, एक शेळी. मी त्याला का सोडलं नाही, असं बायका विचारतात. जाणार कुठं? आणि खरं सांगायचं तर रागावायलाही अंगात बळ लागतं. ते माझं केव्हाच संपलं होतं. पहिली काही वर्षं तो वसंतात रस्त्याकडे डोळे लावून बसायचा. लोकांना चूक कळेल, निरोप येईल. निरोप आला नाही. हळूहळू त्याचे गुडघे गेले, मग दात गेले आणि दातांबरोबर उच्चार.

एकदा ऑलिव्ह झोडपताना त्याने अचानक विचारलं, "बाबांना माहीत होतं?"

काय माहीत होतं, हे मी विचारलं नाही. "मी त्यांना त्याच दिवशी सांगितलं होतं."

"मग?"

"त्यांचा विश्वास बसला नाही. म्हणाले, मी त्याच्यासमोर होतो, त्याने ओळ म्हटली."

तो काठी टेकून तसाच उभा राहिला. मला वाटलं, रडेल. पण तो चिडला. "असं कसं? त्यांना कळायला हवं होतं. एवढा मोठा नट! एवढंही कळलं नाही?" आणि झाडावर काठी मारायला लागला. कच्ची, पिकलेली, सगळी फळं खाली आली. मी त्याला थांबवलं नाही. नंतर वेचत बसले.

गेल्या वसंतात शेजारच्या बायका म्हणाल्या, "चल की गं, आता तुला कोण ओळखतंय?" मी गेले. वरच्या रांगेत बसले. नट नवे होते, बरे होते. एका कवीच्या नाचणाऱ्या-गाणाऱ्या मेळ्याला पावलं शिकवणारा माणूस बाजूला उभा होता. जबडा एका बाजूला वाकलेला, हाताने ताल देत होता. तो थाल्लोस. बोलणं अस्पष्ट येतं त्याचं, पण पोरं त्याच्या हाताच्या इशाऱ्यावर नाचत होती. गर्दीतून बाहेर पडताना त्याने मला ओळखलं. थांबला, वाकला आणि काहीतरी म्हणाला. मला नीट कळलं नाही. मीही त्याचा हात धरला आणि काहीतरी म्हटलं, तेही त्या गोंगाटात त्याला कळलं नसावं.

घरी पोचले तेव्हा प्राक्सियास दारात बसला होता. मी शेळीला पाणी पाजलं, चूल पेटवली, मसुराचं कढण ठेवलं. भाकरी पुढे ठेवल्यावर तो म्हणाला, "गर्दी होती?"

"होती."

"वरपर्यंत?"

"वरपर्यंत."

त्याने भाकरी कढणात बुडवली, मऊ होईपर्यंत धरून ठेवली. "कुणी माझं नाव काढलं?"

चांगलं काढलं म्हणून सांगावं की वाईट काढलं म्हणून, असा विचार मी वाटेत केला होता. तो विचारणार हे ठाऊकच होतं. दोन्हीपैकी काहीही चाललं असतं त्याला. पण मी दमले होते, पाय सुजले होते.

"नाही," मी म्हटलं. "कुणीच काढलं नाही."

तो मान हलवत राहिला. मग मीठ मागितलं. मी दिलं.